न्यूयॉर्क सिटी कौन्सिलची निवडणूक: सह्या, पैसा आणि पसंतीक्रम प्रत्यक्षात कसे चालतात?

क्वीन्सकर (धागाकर्ता)

आमच्या डिस्ट्रिक्टमधून (मतदारसंघातून) ओळखीतल्या एक बाई २०२९ ला सिटी कौन्सिलसाठी डेमोक्रॅटिक पक्षाकडून उभं राहायचं म्हणताहेत. जागा मध्येच रिकामी झाली तर पोटनिवडणुकीलाही त्यांची तयारी आहे. देशी घरांमध्ये फिरून सह्या आणि देणग्या गोळा करायचं काम माझ्याकडे येईलसं दिसतंय. अधिकृत पुस्तिका वाचून झाल्या. त्यात नियम आहेत, पण लोक नेमके कुठे आपटतात ते नाही. म्हणून जाणकारांना विचारतोय.

खरी लढत जूनची (पक्षांतर्गत निवडणूक, म्हणजे प्रायमरी) की नोव्हेंबरची (अंतिम निवडणूक)? उमेदवारी अर्जासाठी कागदावर मतदारांच्या ४५० सह्या लागतात, म्हणजे प्रत्यक्षात किती गोळा करायच्या? देणगीच्या एका डॉलरला शहराकडून आठ डॉलर मिळतात म्हणे, ते कोणाच्या डॉलरला? (आमचे अर्धे मित्र नदीपलीकडे न्यू जर्सी राज्यात, जर्सी सिटी आणि एडिसनला.) आणि मतपत्रिकेवरच्या पाच पसंतींबद्दल लोकांना काय सांगायचं?

ट्रम्प-बायडनवरची हाणामारी कृपया इथे नको, त्याला वेगळे धागे आहेत.

पायलीपंधरा

जूनची. ५१ पैकी ४६ जागा आज डेमोक्रॅटांकडे आहेत. स्टेटन आयलंड, दक्षिण ब्रुकलिन, क्वीन्सचे काही कोपरे आणि ब्राँक्सचा पूर्व भाग सोडला तर नोव्हेंबरचा निकाल जूनमध्येच लागलेला असतो. अपवाद घडतात. ब्राँक्सचा डिस्ट्रिक्ट १३ क्रिस्टी मार्मोराटो यांनी २०२३ ला रिपब्लिकनांकडे खेचला आणि २०२५ ला शर्ली अल्डेबोल यांनी तो परत घेतला. पण तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये असं काही नसेल, तर नोव्हेंबरसाठी पैसे राखून ठेवणं म्हणजे वरात निघून गेल्यावर बँड बोलावणं.

एका डिस्ट्रिक्टमध्ये साधारण पावणेदोन लाख माणसं राहतात. त्यातून अल्पवयीन आणि नागरिक नसलेले वजा करा, मग मतदारयादीत नाव नसलेले, मग डेमोक्रॅट म्हणून नोंद नसलेले, मग जूनमधल्या मंगळवारी घराबाहेर न पडणारे. उरलेल्यांतली काही हजार मतं मिळाली की उमेदवार निवडून येतो.

देशी घरांत सगळ्यात मोठी गळती पक्षनोंदणीत होते. न्यूयॉर्कची प्रायमरी बंदिस्त आहे, डेमोक्रॅट म्हणून नोंद असेल तरच त्यांच्या प्रायमरीत मत देता येतं. नागरिकत्वाची शपथ झाल्यावर हातात पडलेला नोंदणीअर्ज लोक घाईत भरतात आणि 'आपल्याला कशाला पक्षबिक्ष' म्हणून तो रकाना कोरा सोडतात. शहरात असे कोरे मतदार दहा लाखांवर आहेत. पक्ष बदलायचा किंवा कोऱ्यावरून पक्षात यायचं, तर अर्ज १४ फेब्रुवारीपर्यंत बोर्ड ऑफ इलेक्शन्सकडे (निवडणूक मंडळाकडे) पोचायला हवा. त्यानंतर आलेला बदल त्या वर्षीची प्रायमरी उलटून गेल्यावरच लागू होतो. अगदी नव्याने नाव नोंदवणाऱ्याला मात्र मतदानाच्या दहा दिवस आधीपर्यंत मुभा असते आणि तो अर्जातच पक्ष निवडू शकतो.

म्हणून सह्यांच्या आधीचं एक काम डिसेंबर-जानेवारीत उरका. बोर्डाकडून मतदारयादी घ्या, त्यात पक्षाची नोंद असते. आपल्याकडची आडनावं निवडून कोऱ्या नोंदी वेगळ्या काढा आणि त्या घरांत अर्ज घेऊनच जा. मार्चमध्ये त्याच दारावर गेलात तर 'आमचं मत तुम्हालाच' असं ऐकायला मिळेल आणि त्याचा उपयोग शून्य.

आणखी एक. २०२१ ला ३५ च्या आसपास जागांवर विद्यमान सदस्य नव्हते, म्हणून तीनशेहून जास्त उमेदवार उतरले. त्या वेळी आलेल्यांची पहिली मुदत दोन वर्षांची, दुसरी दोन वर्षांची आणि तिसरी चारची, कारण जनगणनेनंतर मतदारसंघांची फेररचना होते तेव्हा हे गणित बदलतं. ती सगळी तुकडी २०२९ ला मुदतमर्यादेमुळे (लागोपाठ पुन्हा उभं राहता येत नाही म्हणून) एकदम बाहेर पडते. गर्दी होणार, आणि गर्दीत सह्यांची छाननी कडक होते.

हरकतदार

सह्यांबद्दल लिहितो, कारण बरेच नवखे उमेदवार तिथेच बाद होतात आणि मतदारांना त्याचा पत्ताही लागत नाही.

४५० हा वैध सह्यांचा आकडा आहे. दुप्पट गोळा केल्या तर कसंबसं, तिप्पट केल्या तर रात्री झोप लागेल. २०२५ ला सह्यांची मुदत २५ फेब्रुवारी ते ३ एप्रिल होती. म्हणजे थंडी, लवकर पडणारा अंधार आणि दार न उघडणारे लोक. रोज सरासरी ३५-४० सह्या धरून चालावं लागतं आणि शेवटचा आठवडा तपासणीसाठी मोकळा ठेवावा लागतो.

सही करणारा त्याच डिस्ट्रिक्टमधला हवा, त्याच पक्षात नोंदलेला हवा आणि त्याने त्याच पदासाठी दुसऱ्या कोणाच्या अर्जावर आधी सही केलेली नसावी. दोन सह्या सापडल्या तर आधीच्या तारखेची धरतात. दोन्हींची तारीख एकच असेल तर दोन्ही जातात. इथे एक खाच आहे. बरोची (शहराच्या पाच विभागांपैकी एकाची) पक्षसंघटना एकाच अर्जावर बरीच नावं घेऊन फिरते: महापौर, कंट्रोलर, बरो प्रेसिडेंट, सिटी कौन्सिल, खाली काउंटी कमिटीचे लोक. मतदाराला वाटतं आपण फक्त महापौरासाठी सही केली. प्रत्यक्षात त्याची कौन्सिलसाठीची सहीही खर्ची पडलेली असते. म्हणून पहिल्या दहा दिवसांत जे घर गाठाल ते तुमचं. मार्चच्या अखेरीस गोळा केलेल्या गठ्ठ्यात अशा आधीच 'खर्च झालेल्या' सह्या भरपूर निघतात.

आता साक्षीदार. प्रत्येक पानाखाली सही गोळा करणाऱ्याचं निवेदन असतं. तो न्यूयॉर्क राज्यातला, त्याच पक्षात नोंदलेला मतदार लागतो. त्या डिस्ट्रिक्टमध्येच राहणारा असायची गरज नाही. तुमच्याबरोबर एच-१बी वरचा उत्साही भाचा फिरला आणि पानाखाली त्याने सही ठोकली, तर पान गेलं. त्याने जिना चढावा, बेल वाजवावी, मराठीत बोलावं, पण समोर उभं राहून सही घेणारा आणि खाली सही करणारा माणूस पात्र मतदारच हवा. नोटरी असेल तर त्याला पक्षाची अट नाही, मात्र त्याने प्रत्येक सही करणाऱ्याला शपथ द्यायला हवी. दारात उभं राहून ते कोणी धड करत नाही आणि न्यायालयात नेमकं तेच विचारतात.

पानं का बाद होतात ते सांगतो. तारखेवर खाडाखोड आणि शेजारी आद्याक्षरं नाहीत. नवऱ्याने बायकोचीही सही करून टाकली (आपल्या लोकांत हे फार, बायको आत पोळ्या करतेय, म्हणून हा दोघांच्या करतो). यादीत पत्ता जुन्या घराचा आणि अर्जावर नव्या घराचा. साक्षीदाराने निवेदनावर सही केली त्या तारखेनंतरच्या तारखेची सही त्याच पानावर. खाली सह्यांची संख्या भरायचीच राहिली. काउंटीचा रकाना रिकामा. क्वीन्सला काउंटीही क्वीन्सच, पण ब्रुकलिनची काउंटी किंग्ज आणि स्टेटन आयलंडची रिचमंड, हे स्वयंसेवकांना आधीच शिकवा.

रोज रात्री त्या दिवसाची पानं मतदारयादीशी ताडून बघा. चुकीची सही दिसली तर ती एका रेघेने खोडायची, पान फाडायचं नाही. पंधरा दिवसांनी एकदम तपासायला बसाल तर कोणत्या स्वयंसेवकाच्या सह्या कच्च्या निघताहेत ते कळायला उशीर झालेला असेल.

दाखल केल्यावर त्या पदासाठी मत देऊ शकणारा कुठलाही मतदार तीन दिवसांत हरकत घेऊ शकतो आणि त्यापुढे सहा दिवसांत ओळवार तपशील देतो. मग बोर्डाचे कारकून एकेक ओळ बघतात. प्रतिस्पर्धी स्वतः हे करत नाही, कोणीतरी 'सामान्य मतदार' पुढे करतो. तुमच्याकडे निवडणूक कायद्याचा वकील एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ठरलेला असावा. त्या दिवसांत नवा शोधायला गेलात तर सगळे बुक असतात.

क्वीन्सकर (धागाकर्ता)

@हरकतदार, पोळ्यांचं वाचून हसलो, पण ती अडचण अगदी खरी आहे. पोटनिवडणुकीतही हेच नियम का?

हरकतदार

सह्या तिथेही लागतात, पण पोटनिवडणूक पक्षविरहित असते. प्रायमरी नाही. उमेदवार मतपत्रिकेसाठी स्वतःच्या फळीला काहीतरी नाव देतो आणि ते अस्तित्वात असलेल्या पक्षाचं चालत नाही. डिस्ट्रिक्टमधला कुठलाही नोंदणीकृत मतदार सही करू शकतो आणि मतही देऊ शकतो, कोरा असला तरी. जागा रिकामी झाली की सह्यांसाठी जेमतेम दोन आठवडे हाती असतात. त्यामुळे पोटनिवडणुकीत ज्याची मतदारयादी आणि माणसं आधीपासून तयार, त्यालाच संधी.

जमाखर्च

आता पैसा. पुढचे आकडे २०२५ च्या चक्रातले आहेत. मर्यादा महागाईप्रमाणे बदलत जातात, तेव्हा २०२९ साठी कॅम्पेन फायनान्स बोर्डाचं (प्रचाराच्या पैशावर देखरेख करणाऱ्या शहराच्या मंडळाचं) नवं पत्रक बघा.

शहराच्या सार्वजनिक निधी योजनेत सामील झालेल्या कौन्सिल उमेदवाराला एका व्यक्तीकडून जास्तीत जास्त १,०५० डॉलर घेता येतात. कंपन्या, एलएलसी आणि भागीदारी संस्था यांच्याकडून एक पैसाही नाही. शहरात राहणाऱ्या व्यक्तीच्या देणगीतल्या पहिल्या १७५ डॉलरवर आठपट सार्वजनिक निधी मिळतो (यालाच जुळवणी म्हणतात), म्हणजे एका माणसामागे कमाल १,४००.

एडिसनच्या मित्रांचं उत्तर त्यातच आलं. देणगी घ्या, ती वैध आहे, पण जुळवणी शून्य. एडिसनच्या एकाने पूर्ण १,०५० दिले तर हाती १,०५०. तेवढीच रक्कम क्वीन्समधल्या एल्महर्स्टच्या सहा शेजाऱ्यांनी १७५-१७५ करून दिली तर हाती ९,४५०. गर्भश्रीमंत मावसभाऊ शोधण्यापेक्षा मजल्यावरची सहा दारं वाजवा.

निधी सुरू व्हायला दोन अटी आहेत आणि दोन्ही पुऱ्या व्हाव्या लागतात: जुळवणीयोग्य देणग्या किमान ५,००० डॉलर, आणि डिस्ट्रिक्टमध्येच राहणारे किमान ७५ देणगीदार, प्रत्येकाचे निदान १० डॉलर. नवखे लोक पहिली अट आठवड्यात पार करतात आणि दुसरीवर महिनोन्‌महिने अडकतात, कारण मित्र शहरभर पसरलेले असतात. ७५ असतील तर ११० गोळा करा. लेखापरीक्षणात गळती होते: पत्ता शेजारच्या डिस्ट्रिक्टचा निघतो, नवरा-बायकोने एकाच कार्डावरून दोन नावांनी पैसे भरलेले असतात, देणगीदाराच्या फॉर्मवर सही नसते, नोकरी कुठे ते लिहिलेलं नसतं.

खर्चालाही मर्यादा आहे. कौन्सिलसाठी २०२१ ला ती १,९०,००० डॉलर होती, २०२५ ला २,२८,०००. सार्वजनिक निधी या मर्यादेच्या आठ-नवमांशापर्यंतच मिळतो. समोर नावापुरताच उमेदवार असेल तर तो एक-चतुर्थांशावर येतो.

सगळ्यात धोकादायक प्रकार म्हणजे एकाने दुसऱ्याच्या नावावर पैसे देणं. आपल्याकडे 'तू भर, मी तुला नंतर देतो' हे सहज बोललं जातं. इथे तो गुन्हा आहे. एखाद्या दुकानमालकाने दहा कामगारांकडून १७५-१७५ भरवून घेतले आणि त्यांना रोख परत केले, तर आठपट निधी सरकारी तिजोरीतून लुबाडल्यासारखं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये कॅम्पेन फायनान्स बोर्डाने खुद्द तेव्हाचे महापौर एरिक ॲडम्स यांच्या प्रचाराला जुळवणी निधी नाकारला, तेव्हा नव्या उमेदवाराला कोण सोडणार? रोख देणगी एका माणसाकडून १०० डॉलरच्या वर नको, आणि माझं स्पष्ट मत, रोख घेऊच नका.

शहराशी कंत्राटी व्यवहार करणाऱ्यांची वेगळी यादी असते. त्यांची मर्यादा फार कमी आणि त्यांच्या पैशाला जुळवणी नाही. बांधकामात किंवा आयटी पुरवठ्यात असलेल्या मंडळींकडून चेक घेण्याआधी त्या यादीत नाव बघून घ्या.

पावभाजी_एडिसन

माहितीपूर्ण धागा. आमच्या सोसायटीत एक समज फिरतोय की न्यूयॉर्कमध्ये ग्रीन कार्डवाल्यांना नगरपालिकेचं मत देता येतं. खरं का? आणि देणगी?

जमाखर्च

मत नाही, अजिबात नाही. कौन्सिलने डिसेंबर २०२१ मध्ये ग्रीन कार्डधारक आणि कामाचा परवाना असलेल्यांना शहरातल्या निवडणुकांत मताधिकार देणारा कायदा केला होता. न्यायालयांनी तो रद्द केला आणि मार्च २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही, म्हणजे कोर्ट ऑफ अपील्सने, त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्या कायद्याखाली एकही मत पडलं नाही. नागरिक नसताना मतदारनोंदणी केली किंवा मत दिलं तर देशाबाहेर काढण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. लायसन्सच्या कचेरीत समोर आलेल्या फॉर्मवर 'मतदारनोंदणी हवी का' या चौकटीत घाईघाईत खूण करणाऱ्या आई-वडिलांना हे नीट समजावा.

देणगीचं वेगळं आहे. ग्रीन कार्डधारक देऊ शकतो आणि तो शहरात राहत असेल तर जुळवणीही मिळते. एच-१बी, एल-१, विद्यार्थी, भेटीवर आलेले सासरे, यांच्याकडून काहीही नाही. संघराज्याचा कायदा स्थानिक निवडणुकांनाही लागू आहे. बिनपगारी स्वयंसेवा ते करू शकतात, पण पैसा कुठे खर्चायचा अशा निर्णयांत त्यांना बसवू नका.

दुसरी_पसंती

पसंतीक्रमाचं मी घेते. आपल्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात ज्यांनी मत दिलंय त्यांना अर्धं आधीच कळलंय. फरक एवढाच की इथे आकडे लिहायचे नसतात. उमेदवारांची नावं डावीकडे, पाच रकाने उजवीकडे, प्रत्येक रकान्यात एकच वर्तुळ काळं करायचं. हे २०१९ च्या सार्वमतात मंजूर झालं. शहरातल्या पदांच्या प्रायमरी आणि पोटनिवडणुकांनाच ते लागू आहे. नोव्हेंबरात साधं एक मत, ज्याला जास्त तो जिंकला.

पहिल्या पसंतीत कोणी ५० टक्क्यांच्या वर गेला तर खेळ तिथेच संपतो. क्वीन्सच्या डिस्ट्रिक्ट २४ मध्ये फेब्रुवारी २०२१ ला ही पद्धत शहरात पहिल्यांदा वापरली गेली तेव्हा जेम्स जेनारो पहिल्याच फेरीत निम्म्याच्या वर गेले, पुढच्या फेऱ्या लागल्याच नाहीत. तसं झालं नाही तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं त्या-त्या मतपत्रिकेवरच्या पुढच्या जिवंत पसंतीकडे जातात, दोघंच उरेपर्यंत.

काय चुकतं? एकाच रकान्यात दोघांना खूण केली तर मतपत्रिका त्या रकान्यापाशी संपते, पुढच्या पसंतीही जातात. एकाच उमेदवाराला पाचही रकान्यांत भरलं तर ते एकदाच धरतात, 'जास्त जोर' वगैरे काही मिळत नाही. मधला रकाना रिकामा राहिला तर काळजी नाही, मोजणी पुढच्या पसंतीवर सरकते. स्कॅनरने चूक दाखवली तर मतपत्रिका मागे घेऊन नवी मागता येते. ज्येष्ठांना हे मुद्दाम सांगा, ते संकोचाने 'असू दे' म्हणतात.

फक्त एकच नाव भरणं वैध आहे, पण तोट्याचं. तुमचा उमेदवार बाद झाला की ती मतपत्रिका शेवटच्या फेरीत नसतेच. २०२१ च्या महापौर प्रायमरीत सुमारे १ लाख ४० हजार मतपत्रिका शेवटच्या फेरीपर्यंत पोचल्या नाहीत आणि एरिक ॲडम्स कॅथरिन गार्सियांपेक्षा ७,१९७ मतांनी पुढे राहिले. दुसरी पसंती दिल्याने पहिलीला धक्का लागत नाही. पहिली जिवंत असेपर्यंत दुसरी कोणी बघतही नाही.

निकालाच्या रात्री फक्त पहिल्या पसंतीचे आकडे येतात. फेऱ्या साधारण आठवड्याने. २०२५ ला मतदान २४ जूनला, फेऱ्यांचे आकडे १ जुलैला. तेव्हा रात्री दहाला पेढे वाटू नका.

हरकतदार

@दुसरी_पसंती, मतदाराच्या दृष्टीने अनुमोदन. प्रचाराच्या दृष्टीने एवढं सरळ नाही. दारात 'दुसरी पसंती तरी द्या' म्हणणारा कार्यकर्ता पहिलीची संधी घालवतो. बहुतेक जागांवर पहिल्या पसंतीत पुढे असलेलाच शेवटी जिंकतो. आधी पहिली मागा, समोरच्याने ठाम नाही म्हटलं तरच दुसरी.

दुसरी_पसंती

बहुतेक, सगळ्या नाही. स्टेटन आयलंडच्या डिस्ट्रिक्ट ५० ची २०२१ ची रिपब्लिकन प्रायमरी बघा. डेव्हिड कार पहिल्या पसंतीत मागे होते, फेऱ्यांनंतर आणि हातमोजणीनंतर अवघ्या ४२ मतांनी जिंकले. २०२९ ला रिकाम्या जागेवर सहा-सात उमेदवार असतील, तेव्हा दुसऱ्या पसंती गोळा न करणं परवडणार नाही. दार कोणाचं आहे त्यावर ठरवा. ज्या घराच्या खिडकीत दुसऱ्याचं पोस्टर लागलंय तिथे पहिली मागत बसणं म्हणजे वेळ फुकट. यादीत प्रत्येक दारापुढे दोन रकाने ठेवा, पहिली कोण आणि दुसरी कोण. बाद होण्याच्या बेतात असलेल्या उमेदवाराच्या घरांवर शेवटच्या दहा दिवसांत पुन्हा जा.

पायलीपंधरा

मतदानाच्या दिवसांबद्दल दोन गोष्टी राहिल्या. आधीचं मतदान नऊ दिवस चालतं, पण केंद्र मतदानाच्या दिवसापेक्षा वेगळं असू शकतं. पत्ता बघून मगच माणसाला पाठवा. क्वीन्समध्ये मतपत्रिका बंगालीतही मिळते, मराठीत नाही. वाचता न येणाऱ्या किंवा दिसत नसलेल्या मतदाराला आपल्या पसंतीचा मदतनीस आत नेता येतो. फक्त तो त्यांचा मालक किंवा कामगार संघटनेचा प्रतिनिधी नसावा. केंद्रावर कोणी अडवलं तर वाद न घालता केंद्राच्या कोऑर्डिनेटरला बोलवायचं. आणि यादीत नाव सापडलं नाही तर परत फिरायचं नाही, ॲफिडेव्हिट मतपत्रिका (शपथपत्रासह भरायची) मागायची.

क्वीन्सकर (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून ठेवतोय. एक शेवटचं: गणपतीत आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये आठशे माणसं येतात. तिथे उमेदवार बाईंचं भाषण आणि मंडळाच्या ईमेल यादीवर एक आवाहन, चालेल ना?

जमाखर्च

मंडळ ५०१(क)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था, म्हणून नोंदलेलं असेल, आणि बहुतेक असतातच, तर दोन्ही नको. अशा संस्थेला कोणाचा पुरस्कार करता येत नाही. ईमेल यादी किंवा हॉल एका उमेदवाराला फुकट देणं ही संस्थेची देणगी धरली जाते, म्हणजे मंडळाचा करमुक्त दर्जा आणि प्रचाराचा निधी दोन्ही अडचणीत. हॉल इतरांना ज्या दराने देतात त्याच दराने प्रचारखात्यातून पैसे भरून वेगळ्या दिवशी घ्या आणि पावती जपून ठेवा. आरतीनंतर बाई इतर भक्तांसारख्या आल्या, लोकांशी बोलल्या, तर हरकत नाही. माईक नको, फलक नको. मंडळाला काही करायचंच असेल तर मतदारनोंदणीचं टेबल लावावं, कुठल्याही पक्षाचं नाव न घेता. गणपती ऑगस्ट-सप्टेंबरात येतात, म्हणजे १४ फेब्रुवारीच्या मुदतीआधी कोऱ्या मतदारांना गाठायला पाच महिने मिळतात. २०२८ च्या गणपतीत ते टेबल लावा.